गाणे लिहिणे आणि गाणे सांभाळणे : आयर्विंग बर्लिनच्या निमित्ताने

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मराठीत गाणी लिहिता, चालीही स्वतःच लावता, पण तुम्हाला स्वरलेखन येत नाही. आयर्विंग बर्लिन या अमेरिकी गीतकाराविषयी तुमच्या वाचनात आले की त्यालाही स्वरलेखन येत नव्हते, तरीही त्याने सुमारे दीड हजार गाणी केली आणि स्वतःची प्रकाशन संस्था काढून त्यांचे उत्पन्न आपल्या हाती ठेवले. इकडे एका संगीत कंपनीने तुमच्या काही गाण्यांचे सर्व हक्क एकरकमी मोबदल्यात मागितले आहेत. ते देऊन मोकळे व्हावे, की बर्लिनसारखी स्वतःची संस्था काढावी, असे तुम्ही विचारले आहे.

गीतकार आणि संगीतकार यांचे करारनामे वाचणे, त्यांना येणारी रॉयल्टीची विवरणपत्रे तपासणे आणि राहिलेल्या रकमांचा पाठपुरावा करणे हे माझे रोजचे काम आहे. या कामात बर्लिनचे नाव वरचेवर निघते, आणि बहुतेक वेळा ते अर्धवट माहितीवर निघते. ‘स्वतःची कंपनी काढली म्हणून तो श्रीमंत झाला’ हे विधान चुकीचे नाही, परंतु त्यात घटनांचा क्रम हरवतो, आणि तुमचा निर्णय नेमका त्या क्रमावर अवलंबून आहे. माझ्या मते तुमच्यापुढे खरे दोन प्रश्न आहेत. हक्क तुमच्याकडे राहावेत का, हा पहिला. ते राहिले तर त्यांच्यासाठी रोज राबणार कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी बऱ्याच खात्रीने देऊ शकतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र तुमची गाणी चित्रपटासाठी केलेली आहेत की स्वतंत्र, त्यांत कुणी सहलेखक आहे का, ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला आणि तुम्हाला आज पैशाची निकड किती आहे, यांवर ठरेल.

आधी स्वरलेखनाचा मुद्दा निकालात काढू, कारण तुमच्या प्रश्नात त्याविषयीचा संकोच जाणवतो. बर्लिन पियानोवर मुख्यतः एकाच पट्टीत (स्केलमध्ये) वाजवत असे, आणि ती म्हणजे आपल्या पेटीच्या भाषेत काळी तीन. या पट्टीत पाचही काळ्या पट्ट्या येतात, आणि कोणीही न शिकवता वाजवू लागलेल्या माणसाच्या बोटांना त्या वर उठलेल्या काळ्या पट्ट्या सहज सापडतात. दुसऱ्या पट्टीत गाणे ऐकायचे झाले, तर त्याच्याजवळ खास बनवून घेतलेला पियानो होता. त्याला एक दांडा होता. तो सरकवला की बोटे त्याच जागी चालत राहत आणि आवाज मात्र हव्या त्या पट्टीत येई. आपल्याकडच्या स्केल चेंजर पेटीचाच हा प्रकार. त्याचा असा एक पियानो आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. चाल कागदावर उतरवण्यासाठी त्याने पगारी सहायक ठेवले होते. क्लिफ हेस, आर्थर जॉन्स्टन, हेल्मी क्रेसा ही त्यांपैकी काही नावे. बर्लिन चाल गाऊन किंवा वाजवून दाखवी आणि सहायक ती लिहून घेई. साथीचे स्वरमेळ ठरवताना सहायक एकेक पर्याय वाजवून पाही आणि मनातला स्वरमेळ ऐकू येईपर्यंत बर्लिन नाही म्हणत राही. काय हवे ते त्याला पक्के ठाऊक होते, फक्त ते लिहिण्याची लिपी त्याच्याजवळ नव्हती. त्याची गाणी दुसराच कोणी लिहून देतो अशी कुजबुज त्या काळी झाली होती, परंतु तिला आधार देणारा पुरावा कधी पुढे आला नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही तुमचे काही अडत नाही. 1957च्या भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात संगीतकृतीची मूळ व्याख्या छापलेल्या किंवा लिहिलेल्या स्वरावलीला धरून होती, त्यामुळे न लिहिलेल्या चालीची अडचण होती. 1994च्या दुरुस्तीने ती अट काढली. आता संगीत असलेली कृती ही संगीतकृती असते आणि स्वरलेखन हा तिचा केवळ एक संभाव्य भाग असतो. फोनवर स्वतःच्या आवाजात मुद्रित केलेली, तारखेसह जपून ठेवलेली चाल आज पुराव्याच्या कामी येते. माझ्याकडे येणाऱ्या संगीतकारांपैकी अनेकांना स्वरलेखन येत नाही, आणि त्यांच्या वादांचे मूळ मला स्वरलेखनाच्या अभावात जवळजवळ कधीच सापडलेले नाही. ते सापडते सह्या केलेल्या कागदात.

आता बर्लिनच्या वाटचालीचा क्रम पाहू. त्याचा जन्म 11 मे 1888 रोजी तत्कालीन रशियन साम्राज्यात झाला; मूळ नाव इस्रायल बेलिन. 1893 साली हे ज्यू कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या गरीब वस्तीत राहू लागले. वडील सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारे होते. 1901 साली ते वारले आणि त्यानंतर लवकरच या पोरसवदा मुलाने घर सोडले. बॉवरी भागातल्या गुत्त्यांत गाऊन लोक टाकतील ती नाणी तो गोळा करी. पुढे हॅरी फॉन टिल्झर या गीतकार-प्रकाशकाने त्याला एका वेगळ्याच कामाला ठेवले. टोनी पास्टरच्या नाट्यगृहात रंगमंचावर फॉन टिल्झरचे गाणे सुरू झाले, की प्रेक्षकांत बसलेल्या या मुलाने जणू आपल्या मनानेच उठून ध्रुवपद पुन्हा म्हणायचे आणि सभागृहाला आपल्यामागे गायला लावायचे. त्यानंतर चायनाटाउनमधल्या पेल्हॅम कॅफेत तो गाणारा वेटर झाला. तिथे पियानो वाजवणाऱ्या माइक निकल्सनच्या चालीवर त्याने शब्द लिहिले आणि 1907 साली ते त्याचे पहिले गाणे म्हणून छापले गेले. छापील प्रतीवर नाव ‘आय. बर्लिन’ असे आले आणि पुढे तेच रूढ झाले. त्या गाण्यातून त्याच्या वाट्याला चाळीस सेंटही आले नाहीत.

या प्रसंगांत एक गोष्ट लक्षात घ्यावी. बर्लिन गाणे विकण्याचे काम गाणे लिहिण्याआधी शिकला. त्या काळी संगीत प्रकाशक म्हणजे गाण्याच्या छापील प्रती विकणारा व्यापारी. घरोघरी पियानो होते, रेडिओ अजून यायचा होता, आणि लोक दुकानातून चार-सहा पानांची प्रत आणून घरी गात. प्रत खपायची तर गाणे आधी कानावर पडले पाहिजे, म्हणून न्यूयॉर्कच्या 28व्या रस्त्यावरच्या प्रकाशकांकडे गायक-वादकांची फौजच असे. हे लोक नाटकमंडळ्यांच्या कलाकारांना गाठत, दुकानांतल्या पियानोवर दिवसभर गाणे वाजवत, उपाहारगृहांत आणि सभागृहांत ते घुमत ठेवत. एखाद्या नामांकित गायिकेने गाणे घ्यावे म्हणून तिचे छायाचित्र मुखपृष्ठावर छापले जाई, आणि काही वेळा पैसेही मोजले जात. प्रकाशकाचे खरे काम हेच होते, आणि छपाई त्याचा सर्वांत सोपा भाग होता.

बर्लिन प्रकाशन संस्थेत शिरला तोही नोकर म्हणून. याबाबत जी हकीकत सांगितली जाते ती मोठी बोलकी आहे. दोरान्दो पिएत्री हा इटालियन धावपटू 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनच्या अंतिम रेषेपाशी कोसळला आणि जगभर गाजला. बर्लिनने त्याच्यावर एका रंगमंचीय कलाकारासाठी गमतीदार पद्य लिहिले होते, पण त्या कलाकाराने ते घेतले नाही. तेव्हा तो ते घेऊन टेड स्नायडरच्या कचेरीत गेला. तिथल्या हेन्री वॉटरसनने शब्द आणि चाल मिळून 25 डॉलर देऊ केले. चाल मुळात नव्हतीच. बर्लिनने मात्र ती असल्याचे भासवले आणि स्वरलेखन करणाऱ्या माणसाच्या खोलीत जाईपर्यंत मनात जुळवून त्याला गाऊन दाखवली. लवकरच तो आठवड्याला 25 डॉलरवर त्या संस्थेचा पगारी गीतकार झाला. 1911 साली ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’ हे त्याचे गाणे देशभर आणि देशाबाहेरही गाजले, आणि त्या यशाच्या जोरावर 1912च्या सुमारास संस्थेच्या पाटीवर त्याचे नाव लागले : वॉटरसन, बर्लिन आणि स्नायडर. स्वतःच्या नावाची स्वतंत्र संस्था त्याने पूर्ण ताकदीने उभी केली ती 1919 साली. म्हणजे पहिल्या छापील गाण्यानंतर स्वतःच्या कचेरीपर्यंत पोहोचायला बारा वर्षे गेली, आणि त्यांतली बहुतेक त्याने दुसऱ्याच्या दुकानात हा व्यवसाय आतून पाहण्यात घालवली.

शिवाय 1919 सालीही तो एकटा नव्हता. गाणी कलाकारांच्या गळी उतरवण्यात तरबेज असलेला मॅक्स विन्सलो आणि हिशेब व व्यवहार पाहणारा सॉल बॉर्नस्टीन असे दोन अनुभवी जोडीदार त्याने बरोबर घेतले होते. 1921 साली सॅम हॅरिस या निर्मात्याबरोबर त्याने ब्रॉडवेजवळ 45व्या रस्त्यावर म्युझिक बॉक्स हे नाट्यगृहच बांधले, आणि तिथे आपल्या गाण्यांचे कार्यक्रम लावले. गाणे त्याचे, ते जिथे प्रथम ऐकू येते ती जागा त्याची आणि प्रेक्षक बाहेर पडताना ज्या गाण्याची छापील प्रत विकत घेतात तिचा प्रकाशकही तोच! तुम्ही ‘स्वतःची संस्था’ म्हणता तेव्हा हे सगळे यंत्र डोळ्यांपुढे असू द्यावे.

या यंत्राचा एक भाग त्याला एकट्याने उभा करता येण्यासारखा नव्हता, आणि तो तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. उपाहारगृहे, नृत्यगृहे आणि पुढे रेडिओ केंद्रे गाणी वाजवत, पण गीतकाराला काही देत नसत. फेब्रुवारी 1914 मध्ये संगीतकार व्हिक्टर हर्बर्ट आणि इतरांनी न्यूयॉर्कमध्ये ॲस्कॅप ही हक्कसंस्था, म्हणजे गाणी वाजवणाऱ्यांकडून सभासदांसाठी शुल्क गोळा करणारी संस्था, स्थापली, आणि बर्लिन तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी होता. शॅन्लीच्या उपाहारगृहाविरुद्ध हर्बर्टचा दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गाण्यासाठी वेगळे पैसे घेतले जात नसले, तरी ग्राहक ज्यासाठी येतो त्यात संगीतही आले, तेव्हा हे वादन नफ्यासाठीच आहे, असा निकाल 1917 साली न्यायमूर्ती होम्स यांनी दिला. छापील प्रतींचा धंदा पुढे ओसरला, परंतु या वादनहक्काचे उत्पन्न वाढत गेले. आज आपल्याकडे हे काम आयपीआरएस ही 1969 साली स्थापन झालेली संस्था करते.

हक्क हातात असल्याचा फायदा पैशाच्या पलीकडेही असतो, आणि बर्लिनच्या चरित्रात त्याची उदाहरणे ठायीठायी आहेत. 1917 साली त्याचे एक गाणे साफ पडले. तीच चाल त्याने जपून ठेवली, तिला नवे शब्द दिले आणि 1933 साली म्युझिक बॉक्समधल्या कार्यक्रमात ‘ईस्टर परेड’ म्हणून आणली. पुढे तिच्या नावाने 1948 साली चित्रपटही निघाला. 1918 साली सैनिकी छावणीतल्या कार्यक्रमासाठी लिहिलेले ‘गॉड ब्लेस अमेरिका’ त्याने फार गंभीर वाटते म्हणून बाजूला ठेवले होते. युरोपवर युद्धाचे सावट पडले तेव्हा त्याने ते बाहेर काढून दुरुस्त केले, नोव्हेंबर 1938 मध्ये केट स्मिथने ते रेडिओवर गायले आणि 1940 साली एक निधी स्थापन करून त्याची रॉयल्टी स्काउट मुलामुलींच्या संस्थांना दिली गेली. 1926 साली एलिन मॅके या धनाढ्य घराण्यातल्या मुलीशी तिच्या वडिलांच्या विरोधाला न जुमानता लग्न केले, तेव्हा ‘ऑल्वेज’ या गाण्याचे हक्क त्याने तिला लग्नाची भेट म्हणून दिले. जुनी चाल पुन्हा वापरणे, गाणे वीस वर्षे बाजूला ठेवणे, उत्पन्न दान करणे, हक्क बायकोच्या नावे करणे, यांतले काहीही सर्व हक्क विकून बसलेल्या माणसाला करता येत नाही. एकरकमी कराराखाली सही करून गेलेले आणि आपलीच जुनी चाल नव्या गाण्यात वापरता येईल का असे विचारत आलेले लोक मी पाहिले आहेत. बहुतेकांना मला ‘आधी परवानगी मागा’ असेच सांगावे लागते.

मालकीलाही मर्यादा असतात, हेही त्याच्याच चरित्रात दिसते. ‘व्हाइट ख्रिसमस’ हे गाणे 1942च्या ‘हॉलिडे इन’ या चित्रपटातून बिंग क्रॉस्बीच्या आवाजात आले, त्याला ऑस्कर मिळाले (पुरस्काराचा लिफाफा उघडून स्वतःचेच नाव वाचण्याची पाळी बर्लिनवर आली होती), आणि क्रॉस्बीच्या ध्वनिमुद्रिकेच्या 5 कोटींहून अधिक प्रती खपल्याचा अंदाज दिला जातो. 1957 साली एल्विस प्रेस्लीने ते आपल्या ढंगात गायले. ते बर्लिनला इतके खटकले, की त्याच्या कचेरीतून रेडिओ केंद्रांना ती ध्वनिमुद्रिका लावू नका म्हणून फोन गेले असे सांगतात. फोन करण्यावाचून इलाज नव्हता, कारण 1909च्या अमेरिकी कायद्यानुसार गाण्याचे एकदा परवानगीने यांत्रिक मुद्रण (म्हणजे ध्वनिमुद्रिका वगैरे) झाले की ठरलेले शुल्क भरून दुसऱ्या कोणालाही ते मुद्रित करता येई, आणि ते शुल्क प्रतीमागे अवघे 2 सेंट होते. भारतात 2012च्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रण झाले त्या वर्षानंतर पाच वर्षे उलटल्याशिवाय अशी आवृत्ती काढता येत नाही, आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. विडंबनाच्या बाबतीतही तेच घडले. ‘मॅड’ या विनोदी नियतकालिकाने गाजलेल्या गाण्यांच्या वृत्तांवर विडंबने छापली. बर्लिन आणि इतर हक्कधारक न्यायालयात गेले आणि 1964 साली अपील न्यायालयात मुख्यतः हरले; बर्लिनसारख्या थोर रचनाकारालाही एखाद्या वृत्तावर मालकी सांगता येईल असे वाटत नाही, अशा आशयाचा टोला न्यायाधीशांनी निकालपत्रात लगावला. मला हा निकाल रास्त वाटतो, पण हक्कधारकाची चीडही समजते.

त्याच्या संस्थेचा 1944 सालचा प्रसंग मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ‘मला कंपनी काढायची आहे’वाल्याला सांगतो. सॉल बॉर्नस्टीनशी त्याचे बिनसले आणि दोघे विभक्त झाले. बर्लिन स्वतःची गाणी घेऊन नव्या संस्थेत गेला. संस्थेने छापलेली इतरांची गाणी बॉर्नस्टीनकडे राहिली, आणि त्यांत डिस्नेच्या चित्रपटांतली गाणीही होती, अगदी 1937च्या ‘स्नो व्हाइट’मधलीसुद्धा. अडीच दशके चालवलेल्या संस्थेतला एवढा मोठा ठेवा एका वाटणीत गेला. स्वतःची गाणी सोडवून घेता आली हे त्याचे यशच म्हणायचे, पण प्रकाशन संस्था म्हटले की भागीदार, हिशेबनीस आणि त्यांच्याशी होणारे तंटे हे सगळे आलेच. हे ज्याला झेपत नाही त्याने स्वतःचे हक्क आणि स्वतःची कंपनी या दोन गोष्टी मनात वेगळ्या ठेवाव्यात. हक्क व्यक्तीच्या नावेही उत्तम राहतात.

आता तुमच्यापुढच्या एकरकमी प्रस्तावाकडे येतो. या बाबतीत बर्लिनपेक्षा त्याच्या आधीच्या दोघांची उदाहरणे अधिक उपयोगाची आहेत. स्टीफन फॉस्टर हा एकोणिसाव्या शतकातला अमेरिकेचा सर्वांत लोकप्रिय गीतकार. 1857 साली पैशाची चणचण असताना त्याने आपल्या तोवरच्या गाण्यांची पुढची सगळी रॉयल्टी प्रकाशकांना एकरकमी विकून टाकली. जानेवारी 1864 मध्ये, वयाच्या 37व्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वारला तेव्हा त्याच्या पैशाच्या पाकिटात 38 सेंट होते. गाणी मात्र पुढेही छापली आणि गायली जात राहिली. दुसरा चार्ल्स के. हॅरिस. एका गाण्याची रॉयल्टी म्हणून त्याच्या हाती 85 सेंट पडले, तेव्हा त्याने मिल्वॉकीत स्वतःच प्रकाशन सुरू केले. 1892 सालचे ‘आफ्टर द बॉल’ त्याने स्वतः छापले, एका बड्या प्रकाशकाने हक्कांसाठी देऊ केलेले 10,000 डॉलर नाकारले आणि त्या गाण्याच्या लाखो प्रती विकल्या. ऐकायला हे छान वाटते, पण हॅरिसही नुसता छापून बसला नव्हता. रंगमंचावरच्या गायकाने ते गाणे म्हणावे म्हणून त्याने खटपट केली आणि पैसाही ओतला. फॉस्टरची चूक मला विकण्यात दिसत नाही. अडलेल्या माणसाने विकावेच लागते. परंतु त्याने आजच्या अडचणीसाठी कायमचे विकले, आणि तो काळ असा होता, की कायदा त्याच्या मागे उभा नव्हता.

तुमच्या मागे कायदा काही प्रमाणात उभा आहे. 2012च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरलेल्या गीताच्या आणि चालीच्या कर्त्याला रॉयल्टीतला समान वाटा मिळण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क कायदेशीर वारस किंवा हक्कसंस्था यांच्याखेरीज कोणालाही देता किंवा सोडून देता येत नाही. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे दाखवले जाते तेवढा वापर यातून वगळला आहे. म्हणून करारनाम्यात ‘लेखकाने रॉयल्टीचा हक्क कायमचा सोडला आहे’ असे कलम आले, तर त्या कलमाला अर्थ उरत नाही. तरीही अशी कलमे सर्रास घातली जातात, कारण सही करणाऱ्याला हे ठाऊक नसते आणि तो पुढे मागायलाच जात नाही. दुसरे असे की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणूनच कंपनीच्या मसुद्यात ‘संपूर्ण प्रताधिकार काळासाठी, संपूर्ण विश्वात’ अशी शब्दावली हमखास असते. भारतात हा काळ कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे चालतो. बर्लिनला या बाबतीत विचित्र अनुभव आला. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजली जात असल्याने 1911 सालच्या त्याच्या गाण्याची 75 वर्षे 1986 अखेर संपली, आणि तो स्वतः 22 सप्टेंबर 1989 रोजी, 101 वर्षांचा होऊन वारला. ज्या गाण्याने त्याला नाव दिले ते त्याच्या हयातीतच सर्वांचे झाले. तुमच्या बाबतीत असे होणार नाही. उलट तुम्ही आज जे द्याल ते तुमच्या नातवंडांच्या काळापर्यंत गेलेले असेल.

तेव्हा माझे मत असे आहे. सर्व हक्क विकू नका, पण प्रस्ताव तोडूनही टाकू नका. ध्वनिमुद्रणाचा खर्च कंपनी करणार असेल, तर त्या ध्वनिमुद्रणाची मालकी तिने ठेवावी यात वावगे काही नाही. गीत आणि चाल यांचे हक्क मात्र वेगळे आहेत, ही गोष्ट करारनाम्यात स्वच्छ शब्दांत लिहून घ्या. त्यांचा वापर ठराविक मुदतीसाठी, शक्यतो पाच ते सात वर्षांसाठी, नेमक्या माध्यमांपुरता द्या. देऊ केलेली रक्कम भावी रॉयल्टीपोटी आगाऊ धरली जाईल की तिच्याव्यतिरिक्त असेल, हे विचारा. या एका प्रश्नाच्या उत्तरावरून समोरच्याचा हेतू बराच उमगतो. पैशाची फारच निकड असेल, तर सर्व गाण्यांऐवजी एक-दोन गाणी अधिक मोकळ्या अटींवर द्या आणि बाकीची राखा. गाणी चित्रपटासाठी केली असतील, तर निर्मात्याशी झालेला आधीचा करार आधी काढून वाचा, कारण तुम्ही जे विकायला निघाला आहात ते कदाचित आधीच दुसऱ्याकडे गेलेले असेल.

प्रकाशन संस्था काढण्याची घाई मी तरी करणार नाही. त्याआधी गीतकार आणि संगीतकार अशा दोन्ही नात्यांनी आयपीआरएसचे सभासद व्हा आणि प्रत्येक गाणे तिथे नोंदवा. शीर्षक, कर्त्यांची नावे, वाट्याची टक्केवारी आणि ध्वनिमुद्रणाचा क्रमांक हे सगळीकडे एकसारखे असू द्या. विवरणपत्रे तपासताना मला अडकून पडलेल्या रकमा सर्वांत जास्त दिसतात त्या अशा ठिकाणी, जिथे एकाच गीतकाराचे नाव एका नोंदीत आद्याक्षरांसह, दुसरीत आडनावाशिवाय आणि तिसरीत टोपणनावाने असते, आणि यंत्रणेला ही तीन वेगळी माणसे वाटतात. सहलेखक असेल तर गाणे तयार झाल्याच्या आठवड्यातच वाटे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात; गाणे गाजल्यानंतर ही बोलणी फार अवघड होतात.

संस्थेचा विचार केव्हा करावा, याचे उत्तर बर्लिनच्या 1919 सालच्या परिस्थितीतून काढता येईल. तुमच्या गाण्यांची विचारणा तुम्ही न जाता येऊ लागली, हिशेब आणि परवाने यांना तुमचा लिहिण्याचा वेळ जाऊ लागला आणि पगार देऊन एक भरवशाचा माणूस ठेवण्याइतके उत्पन्न गाण्यांतूनच येऊ लागले, की कंपनीला अर्थ आहे. त्याआधी काढलेल्या कंपन्यांत मी बहुधा लेटरहेड, चालू खाते आणि दरवर्षीचा लेखापरीक्षणाचा खर्च एवढेच पाहिले आहे. मसुदा हाती आला की पक्षकारांची नावे झाकून मुदत, प्रदेश, माध्यमे आणि आगाऊ रकमेविषयीची कलमे इथे शब्दशः द्या, म्हणजे त्यांत काय बदलून मागायचे ते कलमवार सांगता येईल.